डाव्या हातातली अम्मा

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कमलम्माने आपल्या मुलीच्या डाव्या हाताला बांधलेला रुमाल सोडला.

रुमाल पांढरा, सुती, धुतलेला होता. गाठ सैल होती. चार वर्षांच्या दर्शनीला तो बोचत नव्हता; दहा मिनिटांत तिने त्याबद्दल तोंडसुद्धा वाकडं केलं नव्हतं. तरी कमलम्मा भिंतीकडेच्या खुर्चीवरून उठली, टेबलापाशी आली, गाठ सोडली, रुमालाची नीट चौकोनी घडी घातली आणि ती विजयमाला मॅडमच्या उघड्या वहीवर ठेवून दिली.

"कमलम्मा, सेशन चालू आहे," मॅडम म्हणाल्या.

"चालू द्या की. मी कुटं बंद करा म्हटलं?"

"रुमाल परत बांधा."

"न्हाई."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. त्यांना कुणी नाही म्हणत नसे. ऐकू न येणारी मुलं कानात यंत्र बसवल्यावर बोलती करण्याचं काम त्या पंधरा वर्षं करत होत्या आणि मुलं खरोखर बोलती होत होती. सोलापुरात होटगी रोडवरच्या त्या धर्मादाय केंद्रात एका वेळी आठच मुलं घेत. बाहेर यादीत एकवीस मुलं थांबलेली होती. इथली जागा गेली तर पुढचं केंद्र पुण्यात. हे सगळं कमलम्माला रुमाल सोडायच्या आधीपासून माहीत होतं.

हात मोकळा होताच दर्शनीने तो वर केला. अंगठा पहिल्या दोन बोटांवरून हलकेच पुढे सरकवला, मागे आणला, पुन्हा पुढे सरकवला. डोळे कमलम्माकडे.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "लगेच सुरू."

"व्हय. लगेच."

कमलम्मा विड्या वळते. विडी घरकुल या कामगार वसाहतीत तिच्या गल्लीत सकाळी उंबऱ्या-उंबऱ्यावर बायका बसतात, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. पान घ्यायचं, चिमूट टाकायची, अंगठ्याने दोन बोटांवर वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा. बोलणं चालू असतं, बोटं वेगळी चालू असतात. सगळ्या उजव्या हाताने वळतात. कमलम्मा एकटी डावखुरी. तिच्या विडीचं पान उलट्या अंगाने फिरतं. कारखान्यातला माल तपासणारा म्हणायचा, "कमलम्माचा विड्यांचा कट्टा डोळे झाकून ओळखतो मी. सोलापूरच्या विड्या पूर्वेला बघतात, हिच्या पश्चिमेला."

दर्शनीला ऐकू येत नाही हे अजून कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हाची गोष्ट. दीड वर्षाची पोर दारात उभी होती, कमलम्मा आत चुलीपाशी. पोरीने डावा हात वर केला आणि रिकामी बोटं वळली. एकदा. मग थांबली. मग पुन्हा. शेजारणीने ते आधी पाहिलं. "अगं कमला, तुला बोलवायलीय बघ ती," असं ती म्हणाली आणि कमलम्माच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं.

दर्शनी जेवते उजव्या हाताने. चित्रं उजव्या हाताने काढते, दगड उजव्या हाताने मारते. गल्लीतल्या कुठल्याही बाईबद्दल काही सांगायचं असलं तर ती उजवी बोटं वळते. डावी फक्त आईसाठी. बापासाठी कानात बोट, कारण अनिलकुमार टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे आणि घरी आला की आधी कानातला कापूस काढतो.

ऑगस्टमध्ये सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं. कानामागे यंत्र आलं, केसांत चिकटणारी चकती आली, आणि केंद्र आलं. केंद्राचा पहिला नियम म्हणजे घरात एकच भाषा, मराठी. कमलम्माने तो पाळला. ती घरात तेलुगू बोलायची थांबली. पोरीला लाडाने "तल्ली" म्हणायची, तेही थांबली. तेलुगूत तल्ली म्हणजेही आईच. लेकीला आई म्हणायची त्यांच्यात रीत. आठ महिने ती स्वतःबद्दल तिसऱ्या बाईसारखी बोलत राहिली. आई आली. आई बघ. आई कुटं हाय? आई हितं हाय. रात्रीचा स्वयंपाक करताना तिला कधी कधी वाटायचं, ही आई कोण आहे आणि ती आपल्या घरात कशाला आली आहे. पण पोरीच्या कानात शब्द जायला हवा, तर जाऊ दे म्हणून तिने तेही चालवून घेतलं.

दुसरा नियम हात खाली ठेवण्याचा. तोही तिने ऐकून घेतला होता. रुमाल मात्र मॅडमनी आज पहिल्यांदा बांधला होता. कारण येत्या रविवारी मदर्स डेचा कार्यक्रम होता. देणगीदार येणार होते. आठ मुलं मंचावर जाऊन जगातल्या आठ भाषांत आई म्हणणार होती आणि शेवटी सगळी मिळून मराठीत. दर्शनीच्या वाट्याला आफ्रिकेतला "मामा" आला होता. आणि त्याच आठवड्यात तिचा आठ महिन्यांचा अहवाल जाणार होता. अहवालात एक रकाना होता, "मुलाने आईसाठी उच्चारलेला शब्द". दर्शनीचा तो रकाना अजून कोरा होता.

"ही सवय आहे, कमलम्मा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी फाईल उघडून तिच्यापुढे सरकवली. "मी सप्टेंबरपासून लिहितेय. वाचा."

कमलम्मा सातवीपर्यंत शिकलेली. पुटपुटत वाचलं. डाव्या हाताची बोटे चोळण्याची सवय. मोडणे आवश्यक. ऑक्टोबरात तेच, डिसेंबरात तेच, मार्चमध्ये त्याखाली लाल रेघ.

"मॅडम, ही सवय न्हाई."

"मग काय आहे?"

"ही मी हाय."

मॅडमना क्षणभर कळलं नाही. मग कमलम्माने आपला डावा हात टेबलावर ठेवला आणि वळून दाखवलं. पान, चिमूट, अंगठा, दोरा. समोरून दर्शनीने तेच केलं आणि हसली.

आठ महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं आणि कमलम्मानेही सांगितलं नव्हतं. आईला बोटांनी हाक मारते हे मॅडमना दिसतंच असणार, असं ती धरून चालली होती. तिच्या गल्लीत ते शेंबड्या पोरालाही दिसायचं. माढ्याकडच्या विजयमाला मॅडमनी उभ्या जन्मात विडी वळताना बघितली नव्हती.

त्या जराशा नरमल्या. खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "बरं. तरीही ऐका. तिचा मेंदू आत्ता शिकतोय. आणखी दोनेक वर्षांनी तो इतक्या झपाट्याने शिकणार नाही. हाताने काम भागतंय तोवर ती तोंड का उघडेल? मी तिची शत्रू नाही."

"मी तसं कुटं म्हटलं? तुमी तिला बोलायला शिकवा. मला पाहिजेच हाय. पण हात बांधून न्हाई."

"दोन्ही एकत्र होत नसतं."

"माझ्या घरात व्हायलंय की. मी बोलत बोलतच वळते."

मॅडमनी वहीत वेळ लिहिली, ११.२५, आणि पुढे लिहिलं, 'सेशन थांबवले. पालकांचा हस्तक्षेप.'

बाहेरच्या बाकावर शगुफ्ता बसली होती. तिचा पाच वर्षांचा शाकीर पुढच्या सेशनला होता. आतलं सगळं तिने काचेतून पाहिलं होतं.

"कमलक्का," ती म्हणाली, "तुम तो मॅडमकू हिलाके रख दिये. बैठो. पानी पियो पहिले."

बाकासमोर भिंतभर नवा फ्लेक्स लागला होता, 'जगभरातली आई'. चाळीस चौकोन, प्रत्येकात एक झेंडा आणि एक शब्द. गेले आठ दिवस वाट बघणाऱ्या बायकांची त्यावरच करमणूक चालली होती.

"फ्रान्सवाले मामॉं," शगुफ्ता बोट फिरवत वाचू लागली, "जर्मनीवाले मुटर. अय्यो, शिवी दिल्यागत वाटतं. अरबी उम्म. तुर्की आन्ने. ये देखो, कोरियावाले ओम्मा. तुमचे पद्मशाली गेले होते का तिकडं माग टाकायला?"

कमलम्माला हसायचं नव्हतं, तरी हसू आलं.

"आणि हे जॉर्जियावाले. आईला देदा म्हणतात म्हणे, आणि खाली बारीक अक्षरात बघ, बापाला मामा."

"बापाला मामा? मग मामाला काय म्हणतात?"

"भांडण होत असंल घरोघरी."

फ्लेक्सवर तेलुगू अम्मा होती, कन्नड अव्वा होती, उर्दू अम्मी होती. केंद्राने कुणाला वगळलं नव्हतं. कमलम्मा चाळीसही चौकोन बघत बसली. मांडीवर दर्शनी, तिचा डावा हात आईच्या डाव्या हातात. फिनलंडचा शब्द आईच्या जवळचा होता. जपानचा कशाच्याच जवळचा नव्हता. तरी भिंतीवर होता, झेंड्यासकट.

बारा वाजता तिला सोमलिंग सरांनी केबिनमध्ये बोलावलं. सर केंद्राचे प्रमुख. आवाज कधी न चढवणारे. त्यांनी एक छापील हमीपत्र पुढे ठेवलं. त्यात खास तिच्यासाठी शेवटचं कलम पेनाने वाढवलेलं होतं.

एक, घरात मुलीशी फक्त मराठीत बोलेन. दोन, मुलीशी हातवारे करून बोलणार नाही व तिच्या हातवाऱ्यांना प्रतिसाद देणार नाही. तीन, सदर सवय सुटेपर्यंत मुलीसमोर विडी वळणार नाही.

कमलम्माने तिसरं कलम दोनदा वाचलं.

"सर, मी विडी कुटं वळू मग? गच्चीवर? मेमधी?"

"काही महिन्यांचा प्रश्न आहे."

"आणि दोन नंबर. तिने हात केला तर मी बगायचं न्हाई?"

"प्रतिसाद द्यायचा नाही. ती बोलली की द्यायचा. शास्त्र आहे ते."

"म्हणजे पोरगी मला हाक मारायलीय आणि मी भिंतीकडं तोंड करून बसायचं."

"तुम्ही तसं का बघता?"

"मग कसं बगू? सर, बाहेर भिंतीवर चाळीस भाषांत आई लावलीय तुमी. आणि माझ्या घरात एकच?"

"अहो, ती भिंत आहे," सर म्हणाले.

आपण काय बोललो ते सरांच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसला. मग मुदत सांगितली. शुक्रवार, संध्याकाळी पाच. सही नसेल तर अहवालात 'घरचे सहकार्य नाही' असा शेरा जाईल आणि जागा यादीतल्या पुढच्या मुलाला द्यावी लागेल. तो अक्कलकोटकडचा आहे, त्याची आजी चंद्रव्वा दर महिन्याला दोन बस बदलून फक्त नंबर विचारायला येते. सर हे धमकीसारखं नाही बोलले. ते खरंच होतं, आणि म्हणून कमलम्माला ते जास्त लागलं.

अनिलकुमार सहाला घरी आला. दर्शनीने त्याला बघून कानात बोट घातलं. त्याने कापूस काढला, तिच्या हातावर ठेवला. हा त्यांचा रोजचा खेळ. मग कमलम्माने कागद दाखवला. त्याने तो उभ्यानेच वाचला.

"सही कर," तो म्हणाला.

"वाचलं का नीट?"

"वाचलं. सही कर आणि घरात करायचं ते कर. हितं कोण बघायला येतंय?"

"आणि तिला काय सांगू? तिथं हात खाली, हितं वर?"

"पोरं शिकतात."

"हां. काय शिकतात? की अम्मा म्हणजे लपवायची गोष्ट. कुणी आलं की अम्मा खिशात घालायची."

"तू गोष्ट वाढवायलीस."

"मी एक रुमाल सोडला फक्त. वाढवलं त्यांनी. तीन कलमं केली."

अनिलकुमार भिंतीला टेकून बसला. पोरीची जागा जाऊ नये, एवढंच त्याला कळत होतं. ऑपरेशनच्या वेळी त्याने अकरा दिवस दवाखान्याच्या व्हरांड्यात काढले होते. "तिने बोललं पाहिजे, कमला. उद्या शाळा आहे. जग काय तुझ्या बोटांकडं बघत बसणार आहे?"

"तुमच्या कारखान्यात शंभर माग चालू असताना तुमी जॉबरला कसं बोलवता?"

दोन बोटं वर करून मनगट फिरवायचं, म्हणजे मागावरचा ताणा तुटलाय, दुरुस्तीला ये. मूठ उघडून मिटायची, म्हणजे चहा. सगळ्या शेडमध्ये हेच चालतं आणि त्याला कुणी सवय म्हणत नाही, मोडायला तर कुणी येतच नाही.

"सांगा की."

"ते वेगळं."

"कसं वेगळं? तिथं आवाज लई हाय म्हणून तुमी हात चालवता. हिला आवाजच नव्हता म्हणून हिने चालवला. तुमची लेक हाय ती, दुसरं काय करणार होती?"

अनिलकुमारने कागद तिच्याकडे परत सरकवला. शेवटी म्हणाला, "जागा गेली तर?"

"तर मी पुण्याला जाईन. न्हाईतर घरात शिकवीन. काय करीन ते अजून मला ठाऊक न्हाई," कमलम्मा म्हणाली. "पण तिने मला नाव दिलंय. कुणी शिकवलं न्हाई, दीड वर्षाची असताना आपल्या डोक्याने दिलंय. ते मी सही करून परत देणार न्हाई."

दर्शनी दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. तिच्या मुठीत कापूस होता.

बुधवार आणि गुरुवार कमलम्मा उंबऱ्यावर विड्या वळत बसली. पोर समोर होती. तिने ठरवून काहीच केलं नाही. मराठी बोलत होती, तेलुगूही बोलत होती, आणि बऱ्याच महिन्यांनी तिने "रा, तल्ली" म्हणून हाक मारली. यंत्राची बत्ती हिरवी होती. दर्शनी वळून आली. ऐकून आली की सहज आली, हे कमलम्माला ठरवता आलं नाही आणि तिने ते स्वतःलाही खात्रीने सांगितलं नाही. ते काम मॅडमचं होतं.

शुक्रवारी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी ती केंद्रात पोचली. विजयमाला मॅडम एकट्या होत्या.

"सही केलीत?"

"आधी एक करा. तिला विचारा. तोंड झाकून."

मॅडमकडे कापड ताणून बसवलेली एक गोल चकती असते. ती तोंडापुढे धरून शब्द बोलायचा, म्हणजे मुलाला ओठ दिसत नाहीत, फक्त कानावर येतं ते येतं. ही परीक्षा दर्शनीची अनेकदा झाली होती. प्रत्येक वेळी निकाल एकच, 'उत्तर दिले नाही'.

"मी केलंय हे, कमलम्मा. कितीदा तरी."

"हात खाली ठिवून केलंय. आता मोकळे ठिवून करा."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. मग चकती उचलली. कमलम्माला त्यांनी दर्शनीच्या पाठीमागे उभं राहायला सांगितलं, म्हणजे मुलीला ती दिसू नये. त्या आपल्या कामात काटेकोर होत्या, आणि तो काटेकोरपणा आत्ता कमलम्माच्या उपयोगी पडत होता.

"पप्पा," चकतीमागून आवाज आला.

दर्शनीने कानात बोट घातलं.

मॅडम थांबल्या. वहीत काही लिहिलं नाही. बराच वेळ जाऊ दिला, टेबलावरची बाहुली सरकवली, खिडकीकडे बघितलं, पोरीचं लक्ष उडू दिलं. मग पुन्हा चकती.

"आई."

डावा हात वर आला. अंगठा दोन बोटांवरून पुढे सरकला.

अम्मा नव्हे, आई. आठ महिने केंद्राने तिच्या कानात घातलेला शब्द. तो आत पोचला होता, आणि पोरीने त्याचं उत्तर आपल्या भाषेत दिलं होतं.

मॅडमनी ते पुन्हा केलं. मग "अम्मा" म्हणून केलं. मग मध्येच "बॉल" म्हणून केलं, तर दर्शनीने बॉल शोधला. मग पुन्हा "आई". चारही वेळा तोच हात. पाचव्या वेळी दर्शनी कंटाळली आणि तिने चकतीच ओढली.

"ऐकतेय," मॅडम म्हणाल्या. त्या कमलम्माशी बोलत नव्हत्या. "कधीपासून?"

"ते तुमच्या फाईलीत असंल. लाल रेघंच्या आसपास."

हे लागलं. मॅडमचे कान तांबडे झाले, पण त्यांनी मान खाली घातली नाही. "समजणं म्हणजे बोलणं नव्हे, कमलम्मा. ते अजून व्हायचंय."

"मला मान्य हाय. करा की ते."

सोमलिंग सर आले. मॅडमनी त्यांना झालेलं सगळं सांगितलं, स्वतःच्या नोंदी चुकल्या हेही सांगितलं. सरांनी अहवालाचा कागद उलटसुलट करून पाहिला. "रकान्यात 'उच्चारलेला शब्द' असं आहे. यात हात कुठे लिहिणार? वरच्या ऑफिसला काय सांगायचं, चाळीस भाषा झाल्या, ही एकेचाळिसावी?"

"सांगा की," कमलम्मा म्हणाली. "एकच बाई हाय त्या भाषेत. मोजायला सोपं."

मग तिने पर्समधून हमीपत्र काढलं. पहिलं, दुसरं, तिसरं, तिन्ही कलमांवर तिने घरूनच आडव्या रेघा मारून आणल्या होत्या. खाली मराठीत लिहिलं होतं: मुलीला बोलायला शिकवीन. ठरल्या वाराला आणीन. हात बांधणार नाही. त्याखाली तेलुगूत सही.

"असं खाडाखोड केलेलं चालत नाही," सर म्हणाले.

"तर चालवू नका. पण कागद ठिवा. मी आले होते आणि सही केली होती, हे राहू दे."

सरांनी कागद परत दिला नाही आणि फाईलमध्येही लावला नाही. तो टेबलावर पेपरवेटखाली राहिला. तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

बाहेर शगुफ्ताने सगळं ऐकलं. तिने कसलाही विचार न करता पर्समधून जाड मार्कर काढला. कपड्यांवर धोब्यासाठी खुणा करायचा. "कमलक्का, हात द्या. दाहिना नक्को, बायाँ." फ्लेक्सवर खाली उजव्या कोपऱ्यात केंद्राच्या नावाशेजारी वीतभर जागा होती. तिथे कमलम्माचा डावा पंजा टेकवून तिने बाहेरून रेघ ओढली. झेंडा काढायची तिला हौस होती, पण कुठला काढायचा ते दोघींना ठरवता येईना. शेवटी तिने नुसतं लिहिलं, सोलापूर.

"पुसतील," कमलम्मा म्हणाली.

"पुसूदे. धोब्याच्या भट्टीतून जात नाही हा."

रविवारी कार्यक्रम झाला. मंचावर सात मुलं होती, दर्शनी घरी होती. शाकीरला फ्रान्सचा शब्द दिला होता. त्याने माइक हातात आल्यावर "अम्मी" म्हटलं आणि मंचावरून उतरेपर्यंत तेच म्हणत राहिला. देणगीदारांनी टाळ्या वाजवल्या. शगुफ्ताने तो व्हिडिओ कमलम्माला पाठवला. दर्शनीने तो मोबाईल कानाला लावून ऐकला, मग डोळ्यांसमोर धरून बघितला, मग पुन्हा कानाला लावला.

सोमवारी केंद्रातून फोन आला नाही. अहवाल वर गेला की नाही, त्या रकान्यात काय लिहिलं, हे कुणी सांगितलं नाही. पुढच्या मुलाला बोलावलं का, तेही नाही. अनिलकुमारने दुपारच्या सुट्टीत दोनदा फोन केला, दोन्ही वेळा साहेब मीटिंगमध्ये होते. संध्याकाळी तो म्हणाला, "उद्या तुझा वार आहे. जाणार का?"

"वार हाय तर जायचंच की."

मंगळवारी दहा वाजून चाळीस मिनिटांनी कमलम्मा दर्शनीला घेऊन केंद्राच्या बाकावर येऊन बसली. फ्लेक्स जागेवर होता. उजव्या कोपऱ्यावर कुणीतरी खिळा ठोकून एक कॅलेंडर टांगलं होतं. त्याच्या कडेबाहेर तीन बोटांची टोकं दिसत होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी इरकली लुगड्यात बसली होती, मांडीवर दोनेक वर्षांचा नातू. कमलम्माने तिला ओळखलं नाही, पण ती कोण हे तिला कळलं. तिने आपली पाण्याची बाटली पुढे केली. चंद्रव्वाने घेतली.

दारावर दिवसाची यादी चिकटवलेली होती. सात नावं छापलेली. आठवं, अकराच्या वेळेपुढे, पेन्सिलीने लिहिलेलं, 'दर्शनी', आणि त्यापुढे त्याच पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह. अक्षर विजयमाला मॅडमचं होतं. दार अजून उघडलं नव्हतं.